रंग उतरायच्या आधी

लाखांदूरच्या एसटी स्टँडसमोर इश्वरचं बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. त्या दिवशी माझी बस चुकली, म्हणून पाणी मागायला मी त्याच्या पायरीवर चढले.

त्याने ग्लास घासून घासून धुतला, मग भरून दिला. मी पिशवीतून पांढरी गोळी आणि विटकरी कॅप्सूल काढली.

"उपाशीपोटी घेऊन राहिल्या काय?"

"बसच्या घाईत जेवणच राहिलं..."

त्याने घरून आणलेला मुरमुऱ्यांचा डबा पुढे सरकवला. चार मुठी खाऊन मी औषध घेतलं आणि उगाच धीट होऊन म्हणाले, "मले कुष्ठरोग आहे. बी.एस्सी.च्या निकालानंतर कळलं. चेहऱ्याचा हा काळा-विटकरी रंग कॅप्सूलचा आहे."

तो ग्लास उचलून पुन्हा धुऊ लागला. मी पिशवी उचलली.

"वाटलंच होतं," मी म्हणाले.

"काय वाटलं? अवो, दिवसभर कीटकनाशकाचे डबे हाताळतो मी! पाणी देण्याच्या आधी धुतो अन् नंतरही धुतो. तुमच्यापासून मले नाही, माह्यापासून तुमाले धोका आहे!"

मला इतकं हसू आलं, की पुढची बस आली तरी ते थांबेना.

महिन्यातून एकदा आरोग्य केंद्रात डॉक्टरांसमोर तिसऱ्या औषधासह मोठा डोस घ्यावा लागे. परतताना पाय आपोआप त्या पायरीकडे वळू लागले.

"तीन-तीन औषधं काहून?" तो विचारी.

"एकच घेतलं तं जंतू त्याले सरावतात. तिघांशी एकदम झगडणं त्यायले जमत नाही."

"अन् चट्टे गेले की बंद?"

"डॉक्टर सांगतीन तवाच. दिसत नाही म्हणजे संपलं, असं नसते."

"अन्... घरातल्या माणसाले लागते?"

"औषध चालू झालं की लागणं लवकरच थांबते."

"हे मी काहून विचारलं, ते नाही विचारलं तुमी," असं म्हणून तो तागडीकडे पाहू लागला. तागडीत काहीच नव्हतं.

माघात मायने विषय काढला. "चंद्रकला, तुमसरचा पोरगा पाहाले येते. तेवढे दोन महिने ते काळं करणारं औषध बंद कर वो."

"माय, रंग दोन महिन्यांत जात नाही. रोग मात्र वाढू शकते."

"तुले कोण करून घेईन मंग?" मायच्या मावशीला याच रोगापायी गावाबाहेर झोपडीत ठेवलं होतं.

कॅप्सूल तळहातावर घेऊन मी आरशासमोर उभी राहिले. बावीस वर्षांची होते. गोरं दिसावंसं मलाही वाटत होतं... पण गिळली.

पाहुणे आले. मुलाची आई म्हणाली, "मध्यस्थ तं गोरी म्हणत होता!"

"औषधाचा रंग आहे," मी म्हणाले आणि कशाचं औषध तेही सांगितलं. चहा बशीतच राहिला. माय चुलीपाशी बसून रडली.

पुढच्या खेपेला मी हे सगळं इश्वरला एका दमात सांगून टाकलं.

"मंग आता मी येऊ का पाहाले?"

"दर महिन्याले पाहाताच तं."

"तसं नाही वो... मायले घेऊन."

माझे कान तापले. "त्यायले माहीत आहे?"

"सांगितलं. पहिले रडली. मंग तिले डॉक्टरकडे नेलं. तासभर डोकं खाल्लं तिनं त्यायचं. आता म्हणते, जी पोरगी औषध सोडत नाही, ती नवऱ्यालेही सोडणार नाही."

"अजून वर्षभर औषध आहे. रंग उतरू द्या, मंग—"

"नाही. रंग उतरायच्या आधी. नंतर लोक म्हणतीन, गोरी झाली तवा आला."

वैशाखात आमचं लग्न झालं. फोटोवाल्याने पावडरचा डबा पुढे केला. मी हाताने मागे सारला. जेवणं झाल्यावर, हळदीच्या हातांनी, सगळ्या बायकांसमोर कॅप्सूल घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तपासून औषध थांबवलं. "जिंकलात," ते म्हणाले. "रंग मात्र सावकाश उतरेल."

"उतरू द्या सावकाश," इश्वर म्हणाला. "आमाले कोणती घाई आहे?"