दहावा जबाब

या, जरा पुढे सरकून बसा. मांडी अवघडली असेल तर पाय लांब सोडा, देवाच्या दारी त्याचा कुणाला राग नाही. कीर्तनात पूर्वरंग आटोपला की बुवा घोटभर पाणी पितात, टाळकरी घाम पुसतात आणि मग आख्यान लागतं... तसं समजा. मात्र आजचं आख्यान राजाराणीचं नाही, भिलाईतल्या दोन दमलेल्या जिवांचं आहे. ऐकता ऐकता डोळे मिटले तरी चालतील, कान तेवढे उघडे ठेवा. गोष्ट गोड आहे, हा माझा शब्द.

दामिनी भिलाईला लागूनच्या कुरुदला राहायची. वडील पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झाले, सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सुटलं आणि घर कुरुदच्या दोन खोल्यांत आलं. पोरगी कायदा आणि गुन्हेशास्त्र अशी जोडपदवी शिकत होती. पाच वर्षांचा अभ्यास, आणि हे पाचवं वर्ष. सकाळी साडेसहाची बस, दुपारपर्यंत तास, मग सर्वेक्षण, मग वाचन. बसच्या खिडकीला डोकं टेकलं की कलमं आणि स्वप्नं एकमेकांत मिसळून जायची. आई म्हणायची, "तुले काजळ लावाची गरजच नाई राह्यली, दामिनी. डोयाखाली आपोआपच आलं."

तिच्या प्रबंधाचा विषय होता, चोरी होऊनही लोक पोलिसांत का जात नाहीत. सेक्टर दोनमधली शंभर दारं वाजवायची. त्यातून नुकतीच चोरी झालेली दहा माणसं निवडायची आणि महिनाभरात चार वेळा त्यांच्याकडे जाऊन तेच प्रश्न विचारायचे. झोप लागते का, भीती वाटते का, आठवण किती येते. हे दहा जबाब म्हणजे प्रबंधाचा कणा. नऊ मिळाले होते. दहावा मिळाला नाही तर तोंडी परीक्षा पुढच्या वर्षावर, आणि सहाव्या वर्षाचं त्राण तिच्या अंगात उरलं नव्हतं.

एक्क्याण्णवावं दार निळं होतं. मार्चच्या उन्हात रंगाला पोपडे आलेलं.

दार उघडलं ते एका उंच तरुणानं — उघडलं म्हणजे दाराला धरून तो उभा राहिला, इतकंच. डोळे लाल, केस उभे.

"जी, एक सर्वे है. पाँच मिनट."

"पाँच मिनट में तो मैं दो सपने देख लेता, मैडम."

आतून म्हातारा आवाज आला, "कोन होय रे, प्रफुल्ल?"

"कोनी नाई आई, सर्वेवाली होय."

"सर्वेवालीले नाव हाय," दामिनी चटकन म्हणाली. "दामिनी."

तो एकदम जागा झाला. "अरे... तुमी आपल्या इकडच्या! आधी सांगाचं ना. बसा, बसा."

प्रफुल्ल प्लांटमधल्याच रुळांच्या कारखान्यात कामाला होता. मित्राचं लग्न म्हणून त्यानं सलग दोन दिवस आपली आणि मित्राची अशी दोन्ही पाळ्यांची कामं ओढली होती. चोरी झाली असेल तर महिनाभरात चार वेळा येईन, असं आधीच सांगून दामिनीनं विचारलं, गेल्या महिन्यात घरातलं काही चोरीला गेलं का?

"कालच. सायकल गेली."

"कुठून?"

"व्हरांड्यातून. कामावरून आलो, झोपलो, उठून पाह्यतो तर नाई."

"पोलिसांत गेले?"

"रिपोर्ट लिहाले जागं राहा लागते, मॅडम."

दामिनीला हसू आलं. किती दिवसांनी आलं, ते तिचं तिलाही आठवेना. पुढचा प्रश्न विचारायला तिनं मान वर केली, तर साहेब चौकटीला डोकं टेकून चक्क झोपले होते. तिनं उरलेले रकाने मोकळे ठेवले, माश्या आत जाऊ नयेत म्हणून जाळीचं दार हळूच लोटलं आणि पाय न वाजवता निघाली. दहावा जबाब मिळाला होता. उतरताना पायऱ्या का कुणास ठाऊक कमी वाटल्या.

आठवड्यानं ती पुन्हा गेली. या वेळी केस विंचरलेले होते, आणि माठाच्या पाण्यात वाळ्याची जुडी.

"झोप कशी आहे? शून्य ते पाच, आकडा सांगा."

"माही सोडा. तुमची कितीवर हाय?"

"प्रश्न मी विचारते."

"उत्तर तर दिसूनच राह्यलं. शून्य."

दामिनी रागावणार होती... पण वेताच्या खुर्चीत पाठ टेकली, समोरून कूलरचा गार वारा आला, आणि पेन हातातच राहिला. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. प्रफुल्लची आई सिंधुताई समोर वाटाणे सोलत होती आणि दामिनीचे फॉर्म कूलरच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रफुल्ल दोन्ही हातांनी गठ्ठा दाबून जमिनीवर बसला होता.

"किती वेळ झाला?"

"पाऊण तास," सिंधुताई म्हणाली. "मी म्हटलं उठव पोरीले, बस जाईन तिची. हा म्हणे, राहू दे आई. हाताले मुंग्या आल्या त्याच्या, पन हलला नाई."

"तुम्ही सांगाचं ना..." दामिनी ओशाळली.

"कोनाले झोपताना पाहून बरं वाटते मले," तो हातांची बोटं उघडमीट करत म्हणाला. "आपल्याले नाई भेटत तर नाई."

लोकहो, कुणी फूल देतं, कुणी चिठ्ठी देतं. पाच वर्षांत त्या पोरीला कुणी पाऊण तास झोप दिली नव्हती.

तिसऱ्या भेटीला तिनं येण्याआधी कुरुदच्या घरातल्या आरशात दोनदा पाहिलं.

"चोरीची आठवण दिवसातून किती वेळा येते?"

"चोरीची? चोरीची नाई येत."

"मग?"

"फॉर्मात तेचा रकाना हाय का?"

"हे पाहा... दिल-बिल चोरीला गेलं म्हणाल, तर इथंच फॉर्म फाडीन."

"कोन म्हणून राह्यलं? मी तर डब्याची आठवण सांगणार होतो. सायकलीले टांगला होता." पण त्याचे कान लाल झाले होते, आणि हसता हसता तो मध्येच थांबला. काहीतरी सांगायचं असल्यासारखा... "दामिनी—" "हं?" "काई नाई. पाणी घ्या."

तिच्या मार्गदर्शक बाईंना हा दहावा जबाब सगळ्यांत आवडला. मुख्य प्रकरण यावरच लिही, म्हणाल्या. एकच अट घातली, त्याच्या रोजच्या वाटेची पाहणी करून ये. सायकल शेवटची नक्की कुणी पाहिली, ते लिही.

म्हणून एका दुपारी दामिनी प्लांटच्या गेटबाहेरच्या सायकल स्टँडवर गेली. पत्र्याच्या सावलीत सुखराम नावाचे म्हातारे स्टँडवाले फडक्यानं एक सीट पुसत बसले होते.

"काका, प्रफुल्लची सायकल तुम्ही शेवटची कधी पाहिली?"

सुखरामकाकांनी तिच्याकडे पाहिलं, मग फडक्याकडे. "हीच तर पुसून राह्यलो, बाई."

हिरवी सायकल. चेनकव्हरवर पांढऱ्या रंगात त्याचं नाव. हँडलला अडकवलेला डबा, घासून लख्ख केलेला.

"ही... चोरीला गेली होती ना?"

"कायची चोरी! दोन दिवस डबल ड्यूटी करून आला, बिचाऱ्याले दिशा समजत नव्हती. कोन्या दोस्ताच्या स्कूटरवर मागं बसून गेला घरी. तिसऱ्या दिवशी इथं दिसली तर मोठ्यानं हसला. सोडवून नेत होता... चौकापर्यंत गेला आन् परत आणून उभी केली. म्हणे, काका, महिनाभर राहू द्या. म्या म्हटलं, कावून रे? तर म्हणे, हिची चौकशी कराले एक जण घरी येते." म्हातारा थांबला. "पायी येऊन राह्यला रोज. जाता-येता सीटवर हात फिरवते. ते तुमीच होय का, बाई?"

दामिनी त्यांच्या स्टुलावर बसली. खूप राग यायला हवा होता, पण रागालाही थोडा दम लागतो. सोमवारी प्रबंध द्यायचा होता. गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण उद्या काळा कोट घालून ज्या तोंडानं दुसऱ्याच्या जबाबातलं खोटं काढायचं, त्या तोंडानं आज हे गिळायचं?

ती सरळ निळ्या दारी गेली.

"सायकल पाहून आले."

प्रफुल्लनं मान खाली घातली. "पहिल्या दिवशी खोटं नव्हतो बोललो. खरंच वाटलं, गेली म्हणून. मंग दिसली... आन् तुमी दुसऱ्यांदा आल्या, खुर्चीत झोपल्या. सांगतलं असतं तर तुमी कायले आल्या असत्या?"

"चौकशी म्हणून नसते आले."

"तेच तर."

"तेच तर काय? माझं वर्ष जाईल, प्रफुल्ल! दहातले नऊ राहिले." तिनं खाली पाहून फॉर्मवर लाल रेघ ओढली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"मी लिहून देतो," तो म्हणाला. "सगळं. सहीनिशी. गल्ती माही होय, तुमची नाई."

तिथंच, जमिनीवर बसून, त्यानं घरच्या बोलीत लिहिलं. दामिनीनं तो कागद न वाचताच पिशवीत टाकला आणि निघाली. या वेळी पायऱ्या फार होत्या.

प्रबंधात तिनं सारं खरं मांडलं. दहावा जबाब चुकीचा होता. फार थकलेलं माणूस मनापासूनही खोटी चोरी सांगू शकतं. जागा पाहिल्यावर चूक सापडली. पुरावा म्हणून प्रफुल्लचा कागद शेवटी जोडायचा होता, इंग्रजी भाषांतरासह. तेव्हा कुठे तिनं तो उघडला.

"मी प्रफुल्ल, लिहून देतो का सायकल चोरी गेलीच नव्हती. तिसऱ्या दिवशी सापडली तरी मी सांगतलं नाई. कारण विचारलं तर एकच हाय. ती दारात आली का मले वाटे, दिवसभराचा थकवा कोनी हातातून घेऊन बाजूले ठेवला. ती येत राहावी म्हणून मी गप्प राह्यलो. शिक्षा मले द्या."

त्या पाच-सहा ओळींचं भाषांतर करायला कायद्याच्या त्या हुशार विद्यार्थिनीला अख्खी दुपार लागली. एकेका शब्दापाशी पेन थांबे. 'येत राहावी'पाशी तर चहा दोनदा गार झाला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा काढून ते पान वाचलं.

"नऊवर प्रबंध परत जाऊ शकतो, ठाऊक होतं?"

"हो."

"तरी लिहिलंत." त्यांनी पान उलटलं. "भाषांतर कुणाचं?"

"माझं, मॅडम."

"जरा जास्तच जीव लावून केलंय," बाई म्हणाल्या आणि सही केली.

संध्याकाळी पाळी सुटली, तेव्हा दामिनी स्टँडवर उभी होती. प्रफुल्ल पायीच येत होता, अजूनही. तिला पाहून चार पावलांवर थांबला.

"वर्ष गेलं का?"

"नाही."

त्यानं डोळे मिटून श्वास सोडला. सुखरामकाकांनी हिरवी सायकल काढली, सीटवरून एकदा फडकं फिरवलं आणि दोघांच्या मध्ये आणून उभी केली.

"चौथी भेट राहिली आहे," दामिनी म्हणाली. "वस्तू परत मिळाली का?"

"भेटली."

"झोप?"

"तुमी... तू सांग आधी."

"आज लागेल," ती म्हणाली, आणि हँडलचं एक टोक तिनं धरलं, दुसरं त्यानं. दोघंही इतके दमले होते की सायकलवर कुणीच बसलं नाही. ढकलतच निघाले, गुलमोहरांच्या रांगेतून, सेक्टर दोनच्या निळ्या दाराकडे.

पुढच्या माघात लग्न झालं. सुखरामकाका अक्षता टाकायला नव्हते, दिवाळीतच गेले. पत्रा अजून आहे, स्टूल आहे, फडक्याला मात्र कुणी हात लावत नाही. महिनाभर दुसऱ्याची सायकल रोज पुसली त्या म्हाताऱ्यानं, गुपित पोटात ठेवलं, आणि विचारलं गेलं त्या क्षणी खरं तेच सांगितलं. आज रात्री पाठ टेकाल, डोळे जड होतील, तेव्हा देवाच्या नावामागोमाग एकदा त्या सुखरामची आठवण काढा. एवढंच मागणं.