खिडकीखालचा धावदोरा

साहेब, गुन्हा तुमचाच आहे. हातशिवणीच्या वर्गावर ‘फक्त महिलांसाठी’ ही पाटी तुम्ही ठोकलीत. सुई बाईच्याच बोटांत चालते, हे तुम्हाला कोणी सांगितलं? पाटी नसती तर सुगत आत, मागच्या सतरंजीवर बसला असता, चार टाके घालून कंटाळला असता आणि घरी गेला असता. तुम्ही त्याला व्हरांड्यात बसवलंत. खिडकीखाली! पुढचं सगळं तुमच्याच मेहेरबानीनं झालं.

तसा तो शिकायला आलाच नव्हता. नांदगाव पेठेतल्या एका जीन्सच्या कारखान्यात तो तपासनीस. शिवणीत खोट दिसली की लाल ठिपका चिकटवायचा, माल बाद करायचा. अशाच बाद जीन्सचं पोतं अमरावतीच्या तुमच्या प्रशिक्षण केंद्रात टाकायला तो आला आणि पोतं खांद्यावर तसंच ठेवून दारात थबकला.

आत दीपमाला शिकवत होती. दर रविवारी ती अकोल्याहून यायची, जपानी पद्धतीची ठिगळं आणि साशिको, म्हणजे तिकडचे उठून दिसणारे धावदोऱ्याचे टाके शिकवायची. एका फाटक्या गुडघ्याखाली तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा सरकवला होता, आणि निळ्यावर पांढरा धावदोरा पळत होता... टाका, फट, टाका, फट. फाटलेलं ती लपवत नव्हती, मिरवत होती.

“मॅडम, हे तं रिजेक्ट हाय,” तो म्हणाला.

तिनं मान वर केली. “होतं. आता नाई.”

“खोट तं दिसूनच राहिली.”

“दिसालेच पायजे. तुमाले नुसती खोटच दिसते, का बाकीचंई काही दिसते?”

त्यानं पोतं हळूच खाली ठेवलं. “आता... दिसून राहिलं.”

बाया खुसखुसल्या. दीपमालाचा पुढचा टाका वाकडा गेला, आणि तो तिनं उसवलाही नाही.

पुढच्या रविवारी गडी हजर! मले शिकाचंच हाय, म्हणाला. तिनं पाटी दाखवली. वाद नाही, काही नाही. व्हरांड्यातल्या कोवळ्या उन्हात, खिडकीखाली मांडी घालून बसला. आतून नुसता त्याचा भांग दिसायचा. दीपमालाचा आवाज त्या दिवसापासून आपोआप चढला.

“टाका तांदळाच्या दाण्याएवढा!”

खिडकीखालून उत्तर आलं, “आमच्या घरी ज्वारी खातेत मॅडम. थो दाणा चालते का?”

“चालते! पन सारे दाणे सारखे पायजेत.”

कापड खिडकीतून आत यायचं, तपासून बाहेर जायचं. देता-घेता बोटं बोटांना लागायची... आणि नाही लागली तर काहीतरी चूक काढून कापड पुन्हा मागवलं जायचं.

एक खोड मात्र त्याची जाईना. दोरा करकचून ओढायचा. कारखान्यात ढिली शिवण म्हणजे बाद. हाताला तीच सवय. कापडाच्या चुण्याच चुण्या व्हायच्या.

“एवढं काहून ताणता? वळणावर जराशी ढील सोडा. नाई तं कापड आक्रसते.”

“ढील देल्ली अन् निसटलं तं?”

तिनं बोटानं एक चुणी सपाट केली. “टाके पडले असले... तं नाई निसटत.”

आशाबाई वर्गातल्या सगळ्यांत थोरल्या. त्या नाकावरचा चष्मा न हलवता म्हणाल्या, “वाकय-गोधडी आमीबी शिवतो व मॅडम. पन अशी लाल होऊन नाई शिवत.”

मग एका रविवारी साहेब, तुम्ही अवतरलात.

“हा पुरुष इथे काय करतोय?”

सुगत धडपडून उठला. त्याच्याबरोबर त्याच्या हातातलं कापडही उठलं... आणि मांडीवरच लोंबत राहिलं! मांडीवर कापड ठेवून, डोळे वर खिडकीशी उभ्या दीपमालाकडे लावून शिवत बसला होता पठ्ठ्या. अख्खा नमुना अंगावरच्या पँटीसकट शिवला गेला होता. केसाएवढी खोट पकडणारा तपासनीस! बाया पोट धरधरून हसल्या.

तुम्ही मात्र हसला नाहीत. “पुन्हा हा दिसला, तर वर्ग बंद.”

दीपमालानं मनात हिशेब मांडला. वर्ग गेला म्हणजे रविवार गेला, अमरावती गेली... आणि तो भांगही गेला. ‘चुकलं साहेब’ एवढं म्हटलं की भागलं असतं. पण तिच्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक.

“साहेब, पाटी दारावर आहे. दाराबाहेर कुणी बसायचं, हे त्यात लिहिलेलं नाही.” तिनं सुईदोरा उचलला आणि तरातरा व्हरांड्यात आली. “आजपासून वर्ग इथं!”

आशाबाईंनी सतरंजी ओढत आणली. मागून सगळ्याच निघाल्या. रिकाम्या खोलीला तुम्ही काय कुलूप घालणार? “बघून घेतो,” म्हणत तुम्ही गाडीकडे वळलात.

दीपमाला सुगतच्या शेजारी बसली. पहिल्यांदाच मध्ये भिंत नव्हती. तिनं कात्री काढली. “पाय लांब करा. उसवा लागन.”

मग तिचा हात थांबला. एकही चुणी नव्हती. प्रत्येक वळणावर नेमकी ढील, आणि टाके... ज्वारीच्या दाण्यांसारखे, सारखेच्या सारखे.

“हे तं बरोबर आलं! कसं?”

“कापडाकडं पाह्यलं का हात ताणते माया,” तो हळूच म्हणाला. “आज तुमच्याकडं पाहूनच शिवलं. रोजच तुमच्याकडंच पाहावं वाटते, मॅडम. शिकनं-बिकनं नंतर... नका उसवू.”

तिनं कात्री खाली ठेवली.

“सुगत,” तिनं पहिल्यांदाच नावानं हाक मारली, “मॅडम म्हननं बंद कर. शनिवारी अकोल्याले घरी ये. बाबा पहिले आडनाव इचारतीन, मंग तोंड फिरवतीन. मी तुया बाजूनं उभी राहीन, हटनार नाई. पन तुले यावं लागन, समोरच्या दारानं, सगळ्या मोहल्ल्यादेखत.”

त्याच्या ओठांवर हसू फुटलं.

“हसू नको. मले जवाब पायजे, आत्ताच्या आत्ता. बोल... येशीन का नाई?”