गोदावरीवर पडलेला ठप्पा

टपालाची थैली निघायची वेळ झाली होती आणि समोर तो उभा — आफताब. भवानीनगरला उसाच्या वजनकाट्यावर असतो, एवढंच मला ठाऊक होतं. आमच्या वाडीच्या पोस्टात मी एकटीच... पोस्टमास्तरही मी, शिक्के मारणारीही मीच.

"फरहीन मॅडम, या कोऱ्या पाकिटावर आजचा शिक्का पायजे. एकदम स्वच्छ."

"शिक्का हाय तो, मेंदी न्हाय," मी म्हटलं. तो हसला, आणि माझा हात उगाच थांबला.

जहाजांचे शिक्के जमवायचा त्याला नाद. वहीतून त्यानं जपून एक पिवळं पाकीट काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. त्याचे आजोबा नौदलात भटारी, म्हणजे स्वयंपाकी होते, 'गोदावरी' या विनाशिकेवर. पाकिटावर तिचाच गोल शिक्का होता.

"पुढच्या महिन्यात पुण्याच्या प्रदर्शनात मांडणार हाय. ही बोट इंग्लंडात बांधली. तवा नाव बेडेल, तिथल्या एका शिकार-क्लबावरनं ठिवलेलं. महायुद्धात पोलंडवाल्यांना वापरायला दिली, त्यांनी आपलं नाव दिलं. मग हिकडं आली न् गोदावरी झाली."

"तीन नावं? मला तर लग्नात एकदा बदलायचं म्हटलं तरी जिवावर येतं."

"मग नाव बदलायला न लावणारा बघा की..." तो हळूच म्हणाला.

माझे कान तापले. मान खाली घालून मी रजिस्टर पत्रांवर शिक्के हाणू लागले. थप, थप, थप — आणि त्याच ओघात आजोबांच्या पाकिटावरही! गोदावरीच्या बरोब्बर मधोमध.

तोवर त्याला फोन आला होता, तो पाठ करून बोलत होता. मी पाकीट उलटं करून त्याच्या वहीत सरकवलं आणि म्हणाले, "झालं तुमचं."

आठ दिवस घास गोड लागला नाही. चूक कुणाकडूनही होते. पण लपवलं ते मी, जाणूनबुजून. नखातली शाई दिसली तरी ओढणीत तोंड लपवावंसं वाटे. शेवटी पोस्ट बंद करून थेट काट्यावर गेले. ट्रॅक्टरांची रांग लागली होती.

"आफताब... ते पाकीट मी खराब केलं. न् लपवलंबी मीच." नजर वर उचलेना.

"म्हाईत हाय. त्याच दिशी दारातच वही उघडली."

"मग भांडायला का न्हाय आला?"

"राग आला हुता. लई. पर तुमी आपनहून सांगताय का, ते बघायचं हुतं."

"आनि प्रदर्शन?"

"नाव काढून घेतलं."

माझे डोळे भरले. त्यानं खिशातून ते पाकीट काढलं आणि माझ्या ठप्प्यावर बोट ठेवलं. तारीख स्पष्ट उमटली होती — तो पोस्टात आला त्या दिवसाची.

"आता ह्ये घरातच लावनार, भिंतीवर. पर कुनी इचारलं, हा दुसरा ठप्पा कुनाचा, तर... काय सांगू?"

एकदा लपवून पाहिलं होतं. पुन्हा नको.

"खरं सांगा," मी म्हटलं. "माज्या बायकोचा, म्हनून."

काट्याचं भान विसरून तो हसू लागला. मागून ट्रॅक्टरवाला ओरडत होता, "ओ सायेब, वजन घेताय न्हवं?"