उजव्या सीटचं वजन

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी शपथ घेत नाही. ज्यांच्या पायावर हात ठेवून ती घ्यायची, ते या गोष्टीतच गेले. पण यातला एकही आकडा मनाचा नाही. सगळे आकडे मीच वाचलेत.

आणि आधीच सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, स्मशान नाही. जे झालं ते सकाळी सातच्या उन्हात झालं. खामगाव तालुक्यात, पिंपळगाव राजाच्या अलीकडे, हिंमतराव पाटलांच्या पडीक वावरात.

गोष्ट माझ्या मावसभावाची, जीवनची.

जीवनला विमानाचं वेड. नाशिकची चांगली नोकरी सोडून गावी आला, तर सोबत दोन मोठी लाकडी खोकी. त्यात अख्खं विमान, सुट्या भागांत! दोन सीटचं, हलकं. जुळवायचं आपण, उडवायचं आपण. उडवणं तो रीतसर शिकला होता, परवानग्यांची फाईलही जाडजूड होती. पण सांगाड्याच्या लोखंडी नळ्या वेल्ड करणं काही त्याला जमेना. त्याने केलेला पहिला सांधा हातानेच तुटला.

मग शेषराव काका आले.

शेषराव काका म्हणजे आमच्याकडचे वेल्डिंगचे मिस्त्री. वय त्रेसष्ट, अंगाने अगदी वाळके. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेचं गेट, देवळाची दानपेटी, सगळं त्यांच्या हातचं. तीन वर्षं ते रोज दुकान बंद करून जीवनच्या शेडमध्ये आले. सांधा थंड झाला की बोट वाकवून त्यावर दोनदा ठोकायचे.

टण्… टण्…

कान देऊन ऐकायचे. आवाज पसंत पडला तर म्हणायचे, "बोलली." नाही पडला तर सगळा सांधा कापून पुन्हा पहिल्यापासून.

मजुरीचं विचारलं की एकच उत्तर.

"मले काही नोको, बापू. एक डाव बाजूले बसव. आपलं गाव वरून कसं दिसते, थे पाहाचं हाये मले."

"काका, पहिली सीट तुमचीच," जीवन म्हणायचा.

असल्या विमानात वजनाला फार जपावं लागतं. म्हणून आम्ही एका धान्य व्यापाऱ्याकडून पोती मोजायचे तीन सपाट काटे आणले आणि तीन चाकांखाली एकेक ठेवला. मी वाचत होतो, जीवन लिहीत होता. रिकामं विमान दोनशे सव्वीस किलो भरलं.

मग काका चप्पल काढून स्वतःच एका काट्यावर चढले.

"किती भरलो बे गजा?"

"बावन्न."

"लय झालं का?"

"वारा सुटला तं तुमालेच दोरीनं बांधा लागन, काका," जीवन म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो.

जीवन बरेच दिवस एकटाच उडत होता. दुसऱ्या माणसाला घेऊन पहिल्यांदा उडायचं ठरलं ते संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. काका सहालाच येऊन उजव्या सीटवर बसले. नवा पांढरा सदरा. गळ्यात वेल्डिंगचा काळा चष्मा, वर वारा लागेल म्हणून. पट्टा त्यांनी स्वतःच लावला.

खट्.

सारं गाव जमलं होतं. तेवढ्यात हिंमतराव पाटलांची गाडी आली. डोक्याला फेटा, मागे चार पाहुणे, सगळ्यांचे मोबाईल वर. वावर त्यांचं होतं. त्यांनी नाही म्हटलं की विमान शेडमध्येच.

"काय मंग जीवन, आमाले बसवतं का नाही?"

जीवनने त्यांच्याकडे पाहिलं. मग काकांकडे, त्यांच्या गळ्यातल्या त्या चष्म्याकडे पाहिलं. सगळे फोटो काढत होते. त्या घडीला त्याला काकांची लाज वाटली. हे त्याने मला नंतर सांगितलं, खाली मान घालून.

"काका, उतरा," तो मोठ्याने म्हणाला. "तुमचं वजन जास्त होऊन राह्यलं."

चौऱ्याऐंशी किलोचे हिंमतराव बाजूला उभे, आणि बावन्न किलोच्या माणसाचं वजन जास्त!

गाव फिदीफिदी हसलं. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "काका, भाकरी कमी खात जा!"

काकाही हसले. पट्टा सोडून हळूच उतरले. उतरताना सांगाड्यावर दोनदा ठोकलं, "बोलली" म्हणाले, आणि मागे जाऊन उभे राहिले.

"पुढच्या टायमाले नक्की," जीवन म्हणाला.

पुढचा टाईम आलाच नाही. तेविसाव्या दिवशी काका दुकानात चक्कर येऊन पडले. दोन दिवस दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. तिसऱ्या दिवशी गेले.

मार्चमध्ये जीवनने विमानाची चाकं बदलली. भाग बदलला की पुन्हा वजन करायचं, हा नियम. नवी चाकं जुन्यांच्याच वजनाची. काटे तेच. शेडमध्ये आम्ही दोघंच. बाहेर लख्ख ऊन.

मी तिन्ही आकडे वाचले. जीवनने बेरीज केली.

आणि पेन खाली ठेवलं.

दोनशे… चौऱ्याहत्तर.

"नीट वाच बे."

मी पुन्हा वाचले. आम्ही काटे आलटूनपालटून पाहिले. मी स्वतः एकेका काट्यावर उभा राहिलो, माझं वजन तिन्हीकडे बरोबर. टाकी रिकामी. विमानात पाना नाही, चिंधी नाही. तरी अठ्ठेचाळीस किलो जास्त, आणि बहुतेक भार उजव्या चाकावर.

मी आत वाकून पाहिलं.

उजव्या सीटचा पट्टा… लावलेला होता.

शेवटचा तो हिंमतरावांनी लावला होता. त्यांच्या पोटाएवढा सैल करून, तसाच सोडलेला मी पाहिला होता. आता तो आखडलेला होता, अगदी बारीक माणसाच्या कमरेएवढा.

"तू लावला का?"

"नाही. तू?"

जीवनने मान हलवली. दोघांनाही बावन्नचा आकडा आठवला होता. पण हे अठ्ठेचाळीस. जुळत नव्हतं. जुळत नाही, एवढाच आम्ही आधार धरला.

"काटेच बिघडले," जीवन म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा पट्टा सोडून, मागे टाकून, तो एकटाच उडायला निघाला.

मी धावपट्टीच्या कडेला उभा होतो. एकटा असला की विमान बाभळीच्या अलीकडेच जमीन सोडायचं. त्या दिवशी बाभूळ गेली. पुढचा बांधही जवळ आला. तेव्हा कुठे चाकं सुटली. हिंमतराव बसले होते तेव्हाही ते असंच जड उठलं होतं.

वर काय झालं ते जीवनच्या तोंडून ऐकलेलं सांगतो.

विमान सारखं उजवीकडे झुकत होतं. गावावर आल्यावर त्याने इंजिनाचा आवाज कमी केला. खाली शाळेचं गेट दिसत होतं. नुसता वारा.

आणि मग…

टण्… टण्…

उजव्या बाजूने. सांगाड्याच्या नळीवर.

जीवनने मान वळवली नाही. मानच वळेना. तो पुढचा शब्द ऐकायची वाट पाहत राहिला. 'बोलली.'

तो शब्द आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, असं तो अजून म्हणतो.

उतरला तेव्हा त्याचा शर्ट घामाने चिंब होता. मी उजवीकडे पाहिलं. पट्टा लावलेला. कालच्यापेक्षा बोटभर आणखी आखडलेला.

आम्ही लगेच वजन केलं. सेहेचाळीस जास्त.

आठ दिवसांनी चव्वेचाळीस.

"कमी होऊन राह्यलं बे, गजा," जीवन म्हणाला.

खाई त्याला खवखवे. त्याच संध्याकाळी तो मला घेऊन काकांच्या घरी गेला. मनकर्णाबाई, काकांच्या बायको, दारात तूर निवडत बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या उड्डाणाच्या दिवशी वावरात आल्या नव्हत्या. आम्हाला पाहून किती आनंद झाला त्यांना. चहा टाकला.

"तुह्या इमानाचं लय कौतिक होतं त्याईले, बापू," त्या म्हणाल्या. "जाईपर्यंत तेच. उपाशी राहे, पण इमानाचं नाव काढलं की हासे."

"उपाशी काऊन, काकू?"

"काऊन म्हंजे? वजन कमी कराचं होतं नं! तू म्हणला होता नं, जास्त भरते म्हणून. कोणी तरी म्हणलं म्हणे, भाकरी कमी खात जा. तवापासून एकच टाईम जेवे. तेबी अर्धी भाकर. मी म्हणलं, अवो, हिंमतराव तं तुमच्याहून दुप्पट जाडे, ते कसे बसले? तं माह्यावरच खेकसले. म्हणे, तुले समजत नाही. हिशोब राह्यते त्याचा. शिकेल पोरगा हाये, खोटं काऊन बोलंन?"

जीवनने कप खाली ठेवला.

"दवाखान्यात मोजलं तं अठ्ठेचाळीस भरले. तसल्या हालतीतबी मले म्हणे, चार किलो उतरलो, मनकर्णे. बापूले सांगजो."

माझ्या हातातला चहा गार झाला.

आम्ही मान खाली घालून निघालो. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. जीवन थेट शेडमध्ये गेला आणि त्या रिकाम्या सीटसमोर उकिडवा बसला.

"काका, तुमचं वजन जास्त नव्हतं. मी खोटं बोललो. जेवा आता… जेवा."

पट्टा तसाच. मी काटा वाचला. त्रेचाळीस.

पुढच्या आठवड्यात बेचाळीस.

खोटं चारचौघांत बोललं होतं. ते एकट्यात माघारी कसं घेता येईल? हे जीवनलाही कळत होतं. एक मे रोजी शाळेत जीवनचा सत्कार झाला. हिंमतरावांनी शाल घातली. हातात माईक दिला. समोर सारं गाव होतं, पहिल्या रांगेत खुर्चीवर मनकर्णाबाई. मी तिसऱ्या रांगेत. जीवनने तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलेल.

"सगळ्यांचे आभार," तो म्हणाला, आणि बसला.

दुसऱ्या दिवशी एकदम एकोणचाळीस.

त्यानंतर ते विमान उडालेलं नाही. गावाला सांगतो, इंजिनात बिघाड आहे. पण दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी सातला आम्ही शेड उघडतो, काटे मांडतो. पट्टा आम्ही सोडून जातो. पुढच्या वेळी तो लावलेलाच असतो, आणखी आखडलेला. आता तो इतका आखडला आहे की मोठ्या माणसाच्या कमरेला बसणार नाही. मागच्या वेळी सतरा किलो भरले.

शून्य आलं की काय होईल? जीवन म्हणतो, काका सुटतील. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, ते मग विचारतील, "आता जमते का, बापू?"

जीवनला दोष देऊन मोकळं होता आलं असतं, तर मी हे इथे अनोळखी लोकांपुढे लिहिलं नसतं. काट्यावरचे बावन्न मीच वाचले होते. ते जास्त नाहीत, हे त्या गर्दीत जीवननंतर फक्त मला माहीत होतं. मी खरं सांगायला हवं होतं, निदान गप्प तरी राहायला हवं होतं.

'काका, भाकरी कमी खात जा.' तो आवाज माझा होता.

जीवनला हे माहीत नाही. त्याची पाठ होती माझ्याकडे. मनकर्णाबाईंना माहीत नाही. काकांनी मात्र वळून पाहिलं होतं. माझ्याकडेच पाहून हसले होते ते.

परवा एक तारीख आहे. आकडा मलाच वाचायचा आहे.