पारिसाचा अंगठा

"चोरी? आन् मास्तरांनी? तोंड सांभाळून बोल, भरम्या!" ब्राह्मीने हातातली कैरी दगडावर आपटली.

"मी कुठं म्हणतोय? हेडमास्तर म्हणत्यात!" भरमू दोन पावलं मागं सरकला. "सोमवारी शाळा तपासणारे दिपोटीसाहेब चौकशीला येणार हाईत. मास्तरांची नोकरी जाणार म्हणं!"

१९३९ सालच्या मे महिन्याची सुट्टी, आणि सुरुवातच ही अशी!

प्रकरण होतं शाळेच्या कपाटातून नाहीशा झालेल्या काचांचं. बोरगावच्या शाळेला लोकल बोर्डाने एक मॅजिक लँटर्न दिला होता. आत दिवा लावायचा, रंगवलेली काच पुढे सरकवायची, की भिंतीवर हे एवढं मोठं चित्र! सोबत बारा कोऱ्या काचा. हेडमास्तरांनी सगळं कपाटात कोंडून ठेवलं होतं. वस्तू वापरली की फुटते आणि फुटली की साहेब जाब विचारतो, एवढंच त्यांना कळत होतं.

मग येळ्ळूरचे परशराम मास्तर ट्रेनिंग कॉलेजातून नवेकोरे आले. मूल डोळ्यांनी आणि हातांनी शिकतं, छडीने नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी पेटी बाहेर काढली आणि बारा मुलांना एकेक काच रंगवायला दिली.

ब्राह्मीचा धाकटा भाऊ पारिसा दोन वर्षं बिगरीतच बसून होता. छडी खाऊन त्याचे हात सुजत, पण अक्षर काही डोक्यात शिरत नव्हतं. हेडमास्तर त्याला 'ठोंब्या'च म्हणत. मास्तरांनी त्याला समुद्र रंगवायला दिला. नाव लिहिता येईना, म्हणून त्याने काचेच्या कोपऱ्यात निळा अंगठा उमटवला.

"असू दे," मास्तर म्हणाले होते. "उन्हाळ्यापर्यंत याच हातानं नाव लिहिशील."

आणि पारिसाने लिहिलं! भिंतीवर समुद्र पसरला तेव्हा समुद्राचा 'स' त्याला जो दिसला, तो कायमचा. आता मास्तर गेले, तर पारिसा पुन्हा ठोंब्या होणार, हे ब्राह्मीला लख्ख दिसत होतं.

"काचा शोधायच्याच!" ती उठली. "मास्तर काय सांगत्यात? आधी बघा, मग मोजा, मग बोला. चला!"

शाळेच्या खिडकीतून चौघं आत डोकावली. ब्राह्मी, पारिसा, भरमू आणि शेजारची शालन.

"कपाटाचं कुलूप धड हाय की!" शालन म्हणाली.

"म्हंजे किल्लीनं उघडलंय," ब्राह्मी म्हणाली. " किल्ली दोघांकडंच असती, मास्तर आन् हेडमास्तर!"

पुढचा धागा काही सापडेना. दुपारी भरमूला वखारीत कामाला असलेल्या मावशीची भाकरी पोचवायची होती, म्हणून सगळी तंबाखूच्या त्या वखारीत गेली. वखार आण्णाप्पांची, आणि आण्णाप्पा म्हणजे शाळा कमिटीचे चेअरमन! आत ना खिडकी ना उजेड. तंबाखूच्या उग्र वासाने शिंकतच चौघं आत शिरली. तुळईला पत्र्याचे तीन चौकोनी कंदील टांगले होते.

पारिसा एकाखाली थबकला. "आक्का, माझा समुद्र!"

"येडा हाईस काय? कोरी काच हाय ती!"

"त्या पत्र्याच्या पट्टीखाली बघ की!"

ब्राह्मी पोत्यावर चढली. पट्टीच्या आड, काचेच्या कोपऱ्यात, इवलासा निळा अंगठा होता!

"एका कंदिलाला चार काचा," शालन बोटं मोजत होती. "तीन कंदील... बारा! बाराच्या बारा!"

"त्या काचा व्हय?" भरमूची मावशी अक्काताई कौतुकानं म्हणाली. "हेडमास्तरांनी दिल्या मालकास्नी. जुन्या फुटल्या, आन् तंबाखूत उघडा दिवा कसा न्यायचा? लई रंग माखला हुता बघ. दोन दिस राखंनं घासल्या मी!"

पारिसाच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळू लागलं. अक्काताईला कळेना, पोराला झालं काय.

सोमवारी सकाळी भरमू आण्णाप्पांसमोर शहाण्यासारखा उभा राहिला. "मालक, कंदील काजळलाय. घासून आणू?"

"आण की! असं कामसू पोर पायजे!" आण्णाप्पा खूश झाले आणि कमिटीचे चेअरमन म्हणून चौकशीला निघाले. पाठोपाठ त्यांचाच कंदील घेऊन मुलंही शाळेत हजर!

ब्राह्मीने साहेबांसमोर पट्टी वाकवून काच काढली आणि लँटर्नच्या खाचेत सरकवली. चपखल बसली! साहेबांनी भिंगातून आधी निळा ठसा पाहिला, मग पारिसाचा अंगठा.

"तुझाच की रे! नाव काय?"

पारिसाने खडू उचलला आणि फळ्यावर आपलं नाव लिहिलं.

हेडमास्तरांना घाम फुटला. "साहेब, मला वाटलं पोरांनी काचा घाण केल्यात. मालकांना चार दिवस हव्या होत्या. पुसून परत आल्या की पुन्हा कोऱ्याच! मग तुमचं तपासणीचं पत्र आलं, आणि..."

"आणि मास्तरांचं नाव सांगून मोकळे झालात!" साहेब हसले. चक्क हसले! "पण मुलं भलती हुशार हं! शाब्बास!"

"गावाचं नाव काढलंत!" असं म्हणत आण्णाप्पांनी मुलांच्या ओंजळीत गूळ-शेंगा घातल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेबांनी निकाल सांगितला. मास्तर निर्दोष. मात्र शाळेत तंटा नको, म्हणून त्यांची दुसऱ्या तालुक्यात बदली. काचा पुन्हा कपाटात, आणि किल्ली हेडमास्तरांकडे.

ब्राह्मीने शेंगा तिथेच टाकल्या.

मास्तरांची गाडी निघाली तेव्हा ती गाडीच्या मागच्या फळीला धरून चालत होती. "बघितलंत, मोजलंत, मग बोललात," मास्तर म्हणाले. "माझं शिकवणं वाया नाही गेलं, पोरी."

"आमी बोललो, तरीबी तुमीच चाललाय न्हवं?"

मास्तरांनी फळीवरचा तिचा हात अलगद सोडवला.

जूनमध्ये शाळा उघडली. "लिही रे नाव!" हेडमास्तर पारिसासमोर येऊन उभे राहिले. "साहेबांपुढं मोठ्या ऐटीत लिहिलं होतंस!"

पारिसाने शांतपणे अंगठा ओला केला, पेन्सिलीच्या भुकटीत बुडवला आणि पाटीवर उमटवला.

"ठोंब्या!" छडी सपकन हातावर बसली.

पलीकडच्या रांगेतून ब्राह्मी बघत होती. त्याला नाव लिहिता येतं, हे तिला ठाऊक होतं. हेडमास्तरांनाही ठाऊक होतं. पारिसाने दुसरा हात पुढे केला.