खोळीवरचे टाके

माणूस ओळखण्यात मावशी सहसा फसायची नाही, बरं का. पण खोळीवरच्या टाक्यांनी तिला फसवलं.

मावशी म्हणजे गल्लीत शिवणकाम करणारी बाई. एकटीच राहायची. एका नवरा-बायकोला पोपट कुणालातरी देऊन टाकायचा होता, म्हणून ती बघायला गेली. का देताय, खातो काय, चावतो का, सगळं विचारलं. काहीही खातो, चावत नाही, त्रास म्हणून नाही, असं दोघांनी घडाघडा सांगितलं. पाळलेल्या पाखराची एक खोडसुद्धा ज्याला सांगता येत नाही, त्याने ते पाळलेलंच नसतं! पण पिंजऱ्यावरची खोळ हाताने शिवलेली, टाके कसे मोत्यासारखे. पाखरासाठी एवढं करणारी माणसं वाईट कशी असतील, असं म्हणून ती पोपट घेऊन आली.

पोपट दाण्याला तोंड लावेना. छातीवरची पिसं उपटून उपटून त्याने कातडी उघडी केली. दाराला कडी लावायची मावशीला सवय नव्हती, पण एका दुपारी वारा सुटला म्हणून तिने लावली. कडी वाजली आणि पिंजऱ्यातून एका थकलेल्या म्हातारीचा आवाज आला.

“दार उघड रे, बाळा… घोटभर पाणी दे…”

मावशी पिंजऱ्याजवळ गेली. मग तिची नजर खोळीवर गेली. टाके कुणाचे ते कळलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तशीच चपला घालून तिने ते घर गाठलं. पोपट देणाऱ्या त्या नवऱ्याने, म्हणजे म्हातारीच्या मुलाने, दार अर्धंच उघडलं. आई झोपेतच गेली, काही त्रास झाला नाही, असं सांगायला लागला मेला. त्याच्या मागे आतली खोली दिसत होती. तिच्या दाराला बाहेरून कडी होती.

“पाखराला पाठ होईपर्यंत हाका मारल्या तिने,” मावशी म्हणाली. “तुला ऐकू आल्या नाहीत? उद्या पोलिसांना घेऊनच येते.”

सकाळी निघायची तयारी करताना दार वाऱ्याने आपटायला लागलं म्हणून तिने कडी लावली. पोपट बोलला. आवाज त्या मुलाचा होता.

“आई… दार उघड ना… चुकलो मी…”

मावशीने वळून पिंजऱ्याकडे पाहिलं. काल दारात त्या मुलाने चूक कबूलसुद्धा केली नव्हती, आणि तिच्याकडे आल्यापासून पोपट या खोलीबाहेर गेलेला नव्हता. त्याने मान वाकडी केली आणि म्हातारीच्या आवाजात हळूच म्हणाला,

“झोप आता, बाळा…”

मग खाली उतरून तो पहिल्यांदाच दाणे टिपायला लागला.