ठरल्या वेळेच्या थोडं आधी

“एकटीला सोडता येणार नाही,” नोंदणीच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. “शेजारी नॅव्हिगेटर हवाच.”

झालं! घरी केक करून विकणाऱ्या केकवालीने कपाळावर हात मारला. तिची पहिली कार रॅली, आणि रस्ता सांगणारा दादा कालच जिन्यावरून घसरून पायाला प्लॅस्टर घालून बसलेला. बाबांनी बजावलं होतं, रॅली पूर्ण केलीस तरच पुन्हा गाडीची किल्ली मागायची.

“मी… चालेन का?” मागून कुणीतरी विचारलं. उंच, घामाघूम, दोन्ही कानांमागे पेन्सिली. “माझा ड्रायव्हर ऐन वेळी टांग देऊन गेला.”

“रोडबुक वाचता येतं?” केकवालीने वळणांच्या खुणांची वही त्याच्यापुढे धरली.

“औषधांचं दुकान आहे माझं. डॉक्टरांचं अक्षर वाचतो हो, हे तर छापील आहे!”

ती फस्सकन हसली.

झेंडा पडला आणि गाडी सुसाट निघाली. “डावीकडे! आता पूल… उजवीकडे— अहो, उजवीकडे!” आईशप्पथ, काय मजा! पुढच्या दोन गाड्या मागे टाकून ती पहिल्या तपासणी चौकीवर पोचली आणि तिने औषधवाल्याला टाळी दिली.

चौकीवरचे काका घड्याळ बघत म्हणाले, “लवकर आलात. गुण कापले.”

“लवकर आल्याचे?”

“ही शर्यत नव्हे, पोरी. ठरल्या वेळेलाच यायचं. लवकर आलं तर दंड दुप्पट. आणखी एकदा चुकलात की बाद.”

ती गर्रकन वळली. “तुम्हाला माहीत नव्हतं?”

“होतं…” तो कानापर्यंत लाल झाला. “पण तुम्ही इतक्या खुशीत चालवत होतात… घड्याळाकडे बघायचंच राहिलं.”

तिला राग यायला हवा होता. काही केल्या येईना.

शेवटच्या चौकीआधीच्या वळणावर त्याने हात वर केला. “थांब. अजून वेळ आहे.” अहो-जाहो वाटेत कुठे गळून पडलं, दोघांनाही कळलं नव्हतं.

“काहीतरी बोल ना,” ती म्हणाली. “नाहीतर मी उगाच निघेन.”

“मला… तू आवडतेस.”

तिचा पाय ब्रेकवरच खिळला. “सकाळीच तर भेटलो! फार लवकर नाही झालं?”

“झालं ना. काप गुण.” नजर घड्याळावर, कान मात्र पुन्हा लाल. “दुप्पट काप. आणि आता— निघ!”

अगदी ठोक्याला पोचले. काकांनी अंगठा दाखवला, आणि केकवालीने गाडीतून उडी मारून औषधवाल्याला मिठीच मारली.

मग तिने फोन लावला. “दादा, पूर्ण केली रे!”

“शाब्बास! पुढच्या रॅलीपर्यंत मी ठणठणीत होतो बघ!”

तिने शेजारी पाहिलं. औषधवाला श्वास रोखून ऐकत होता.

“छे छे,” ती म्हणाली, “अजिबात घाई नको. तू आपला आरामात बरा हो.”